ड्युटीवर गेलेल्या पोलिसाच्या घराण्याचा इतिहास कसा शोधायचा: ट्रंकेपासून पुराभिलेखागारापर्यंत

घरातला एखादा पोलीस ड्युटीवर असताना गेला असेल तर त्याच्याबद्दल विचारल्यावर सगळे फक्त तो एक दिवस सांगतात. सकाळी डबा घेऊन निघाला, दुपारी निरोप आला, मग सलामी, मग साहेब आले होते घरी. आणि बाकीचं आयुष्य? भरती कुठे झाला, कुठल्या कुठल्या ठाण्याला होता, बाप काय करायचा, गाव कधी सोडलं, तो गेल्यावर बायकोने पोरं कशी वाढवली, यातलं निम्मं कुणालाच माहीत नसतं. इतिहास लिहायचा म्हणजे हे निम्मं शोधायचं, आणि गंमत म्हणजे सरकारी नोकर असल्यामुळे यातलं बरंचसं कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं.

गाजलेल्या घटनेतला माणूस असेल तर काम आयतं होतं. तुकाराम ओंबळेंचं बघा, जावळी तालुक्यातलं केडंबे गाव, आधी आर्मीत, मग मुंबई पोलीस, २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला कसाबची रायफल धरून ठेवली, २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र, आणि २०२१ मध्ये तर उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. हे सगळं छापून आलेलं आहे. पण १९७४ ला बंदोबस्तात ट्रकखाली गेलेल्या हवालदाराचं कुणी छापत नाही, ते घरच्यांनाच करावं लागतं. खालचं सगळं मुख्यतः अशा लोकांसाठी आहे.

पायरी १: घरातली ट्रंक आधी उघडा

ऑफिसच्या चकरा नंतर. आधी घरातली लोखंडी पेटी, माळ्यावरची सुटकेस, देवघराखालचा कप्पा, आत्याच्या घरी गेलेली पिशवी, हे सगळं बघून घ्या. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: बक्कल नंबर (म्हणजे शिपाई-हवालदाराच्या बिल्ल्यावरचा नंबर), युनिट आणि साल. या तिन्ही एकत्र हव्यात, कारण बक्कल नंबर त्या जिल्ह्यापुरता किंवा आयुक्तालयापुरता असतो, बदली होऊन माणूस दुसऱ्या युनिटला गेला की तिथला नवा नंबर मिळतो आणि जुना नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. नुसतं "बक्कल नंबर ८१२" म्हणून विचारलं तर क्लार्क म्हणेल कुठला, कधीचा. फौजदार किंवा त्यावरचे असतील तर बक्कल नंबर नसतोच, तिथे ट्रेनिंगची बॅच आणि नेमणुकीचं साल धरून चालायचं.

नंबर कुठे सापडेल? पितळी बिल्ल्यावर, ओळखपत्रावर, पोलीस पतसंस्थेच्या पासबुकात, लाईनमधली (पोलीस वसाहतीतली) खोली मिळाल्याच्या पत्रावर, बक्षिसाच्या चिठ्ठीवर, आणि हे लोक विसरतात ते म्हणजे जुन्या लग्नपत्रिका आणि भांडी. हो, भांडी. लाईनमध्ये लग्नाकार्याला एकमेकांची भांडी जायची म्हणून त्यावर नाव आणि नंबर कोरून घ्यायची पद्धत होती, तांब्याच्या हंड्याच्या काठावर बघा एकदा.

ग्रुप फोटो असेल तर तो फ्रेममधून काढून मागची बाजू बघा. नाशिक, खंडाळा, अकोला, जालना अशा ट्रेनिंग स्कूलच्या फोटोत पुढे पाटी असते, बॅच आणि साल लिहिलेलं असतं, आणि कार्डबोर्डवर कधी कधी सगळ्यांची नावं पण. ती नावं उतरवून घ्या, कारण त्यातलाच एखादा अजून हयात असू शकतो. फोटो चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

पायरी २: बोलायला बसा, पण शेवटच्या दिवसापासून नाही

"त्या दिवशी काय झालं" असं पहिलंच विचारलं की आजी तेच पाठ झालेलं सांगते आणि मग रडते आणि मग बोलणं संपतं. त्यापेक्षा साधं विचारा. लाईनमध्ये शेजारी कोण होतं, पाणी किती वाजता यायचं, नाईट असली की जेवण कुठे पोचवायचं, गणपतीत किती दिवस घरी यायचे नाहीत, पगार हातात कोण आणून द्यायचं. यातून ठाण्यांची नावं आपोआप निघतात. "तेव्हा आम्ही वडगावला होतो, तुझा बाप तिथेच झाला" या एका वाक्यात पोस्टिंग आणि साल दोन्ही मिळतं, कारण बापाची जन्मतारीख तुम्हाला माहीत असते.

मग लाईन कधी सोडली ते विचारा. माणूस गेल्यावर क्वार्टर रिकामं करावं लागतं, आणि त्या आठवणीत कोण मदतीला आलं, कोण नाही, कुठल्या भावाकडे गेलो, गावी किती दिवस राहिलो हे सगळं असतं. घराण्याचा खरा इतिहास इथून वळतो असं माझं मत आहे, सलामीपेक्षा हे महत्त्वाचं.

सोबतच्या लोकांना गाठा. सेवानिवृत्त पोलिसांच्या संघटना बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांच्या मीटिंगला जाऊन बॅचचं साल सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, अरे तो अमुक विचार, त्याच्या बरोबर होता. मोबाईलवर रेकॉर्ड करताना आधी विचारून घ्या आणि सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने बोला, नाहीतर पाच वर्षांनी फाईल कुणाची ते तुम्हालाच कळणार नाही.

पायरी ३: सेवा पुस्तक आणि शीट रोल

हा सगळ्यात मोठा खजिना. सेवा पुस्तकाच्या पहिल्या पानावर बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे आणि सही असते. ज्या आजोबांचा तुमच्याकडे एकच धुरकट फोटो आहे त्यांच्या "डाव्या भुवईवर जुना व्रण" हे तुम्हाला तिथे वाचायला मिळतं. पुढच्या पानांवर नेमणूक, बदल्या, पगारवाढ, रजा, दरवर्षीची सेवा पडताळणी. शीट रोलमध्ये बक्षिसं आणि शिक्षा असतात, दोन्ही वाचा. पाच रुपये बक्षीस घरफोडीचा आरोपी पकडला म्हणून, आणि त्याच पानावर हजेरीला उशिरा आला म्हणून ठपका. घरच्यांना ठपका लपवावासा वाटतो, लपवू नका, माणूस त्यातच दिसतो.

मूळ सेवा पुस्तक ऑफिसला असतं, पण दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असू शकते, म्हणून ट्रंक परत एकदा बघा. ऑफिसला जायचं तर जिल्ह्यात एसपी ऑफिसची आस्थापना शाखा, शहरात आयुक्तालयाची, एसआरपी (राज्य राखीव पोलीस) असेल तर तो गट. आधी अर्ज न करता हेड क्लार्कला भेटा, व्यवस्थित बसून सांगा की कशासाठी पाहिजे, वारसाचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. बऱ्याचदा कुणीतरी जुना माणूस मनावर घेतो आणि रेकॉर्ड रूममधून काढून देतो. नाही झालं तर मग माहिती अधिकार.

पायरी ४: माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, हे नियम आहेत, त्यामुळे सगळं एकाच अर्जात कोंबू नका. मजकूर असा काहीसा लिहा:

"माझे आजोबा कै. ____, पोलीस हवालदार, ब. नं. ____, हे आपल्या घटकात सन ____ ते ____ या काळात नेमणुकीस होते व दि. ____ रोजी ____ येथे कर्तव्यावर असताना मयत झाले. त्यांच्या सेवा पुस्तकाची व शीट रोलची साक्षांकित प्रत मिळावी. सदर अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची व नोंदीची प्रत मिळावी. अभिलेख अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज वर्ग करावा."

ते मधलं वाक्य, नष्ट केल्याच्या नोंदीचं, ते कधीच गाळू नका. "आढळून येत नाही" असं एका ओळीचं उत्तर पाठवणं सोपं असतं, पण कधी आणि कुणाच्या आदेशाने नष्ट केलं ते दाखवा म्हटलं की पुन्हा एकदा कपाट उघडलं जातं. "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नाकारलं आणि घटना २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर कलम ८(३) दाखवा, त्यात जुन्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत असं स्पष्ट आहे. उत्तराला ३० दिवस, मग पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे. भांडणाच्या सुरात लिहू नका, तुम्हाला कागद पाहिजे, कुणाची बदली नाही करायची.

पायरी ५: त्या दिवसाचे कागद

आता शेवटच्या दिवसाकडे. मृत्यू कसा झाला त्यावर कागद ठरतो. हल्ल्यात किंवा गोळीबारात गेले असतील तर ठाण्यात गुन्हा दाखल असणार, गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि साल मिळवा, मग आरोपपत्र आणि सेशन कोर्टाचा निकाल. निकालाची नक्कल कोर्टाच्या नकला विभागात अर्ज करून मिळते, अपील हायकोर्टात गेलं असेल तर निकाल ऑनलाइन पण सापडू शकतो आणि त्यात सोबतच्या पोलिसांच्या साक्षी सविस्तर असतात, कोण कुठे उभं होतं इथपर्यंत. बंदोबस्तात हार्ट अटॅकने गेले असतील तर अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असू शकते, म्हणजे अ. मृ. नंबर, मरणोत्तर पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट. पंचनामा आणि पीएम तुम्ही एकट्याने आधी वाचा, घरात मोठ्याने वाचायची ती गोष्ट नाही.

रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दाव्याची फाईल शोधाच, कारण नुकसानभरपाई ठरवताना कोर्टासमोर पगाराचा दाखला, वय, अवलंबून असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वय सगळं येतं. एका निकालात अख्खं कुटुंब उभं राहतं.

मृत्यूची नोंद कुठे बघायची यात लोक हमखास गोंधळतात. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. नगरचा शिपाई पुण्याच्या हॉस्पिटलात गेला असेल तर पुणे मनपाकडे जा. आणि सोबत त्या आठवड्याचे पेपर काढा. जिल्ह्याचं दैनिक आधी, कारण मुंबईच्या पेपरात दोन ओळी असतात आणि स्थानिक पेपरात अंत्ययात्रेला कोण आलं ते पण. केसरी, सकाळ, नागपूरचं तरुण भारत यांच्या जुन्या फाईली मोठ्या ग्रंथालयांत बघायला मिळतात, मुंबईकरांनी दादरचं मराठी ग्रंथसंग्रहालय सोडू नये.

गडचिरोलीचं थोडं वेगळं आहे. नक्षली हल्ल्यांत मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी हे तिन्ही २००९ चे, जांभुळखेडा १ मे २०१९, इथे एकाच वेळी पंधरा-सतरा जवान गेले, त्यामुळे बातम्यांत सगळे एकत्र "शहीद जवान" होऊन जातात आणि एकेका माणसाची गोष्ट हरवते. तुमच्या माणसाची तुकडी, पोलीस मदत केंद्र आणि सोबतचे वाचलेले जवान, या तीन धाग्यांनी जा.

पायरी ६: पेन्शनची फाईल, म्हणजे आजीचा इतिहास

ही पायरी मी मुद्दाम वेगळी काढली कारण कुणी बघतच नाही. माणूस गेला तिथे त्याचं सेवा पुस्तक संपतं, आणि बायकोची फाईल सुरू होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव, तिचं वय, मुलांची नावं आणि जन्मतारखा, दोन साक्षीदार, तिचा अंगठा किंवा सही, मग पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर. प्रस्ताव महालेखापालांकडे जातो, विदर्भ मराठवाड्यासाठी नागपूर आणि बाकीच्यांसाठी मुंबई, आणि पैसे जिल्हा कोषागारातून.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या यादीवर सही असते. पहिल्या काही वर्षी अंगठा आणि नंतर अडखळत केलेली सही दिसली तर समजा ती मधल्या काळात लिहायला शिकली, हे घरात कुणी सांगितलेलं नसतं. अनुकंपावर मुलगा लागला असेल तर त्या अर्जात घरची परिस्थिती तिच्याच शब्दांत, म्हणजे कुणीतरी लिहून दिलेल्या शब्दांत, असते. जमीन, कर्ज, शिक्षण, सगळं.

पायरी ७: गावाकडे मागे जा

आता पोलिसाच्या आधीच्या पिढ्या. सेवा पुस्तकातल्या मूळ गावाच्या तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात वारस फेरफार (जमीन वारसांच्या नावावर झाल्याची नोंद) बघा, जमीन नावावर होती तर तो गेल्यावर वारसांची नोंद लागलीच असणार, आणि त्याच्या बापाच्या वेळची, आजोबांच्या वेळची पण. तीन फेरफार जोडले की वंशावळ तयार. कधी कधी बहिणींची नावं पण असतात, जी घरच्या वंशावळीत नसतात. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार, सातबारे स्कॅन करून "आपले अभिलेख" पोर्टलवर टाकलेत.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला बरेच जण कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात दाखल तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण. जुनी पानं मोडीत असतात, घाबरू नका, २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांना एवढं काम मिळालं की आता प्रत्येक जिल्ह्यात कुणी ना कुणी सापडतो, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाईटवर त्या नोंदी स्कॅन करून ठेवल्यात.

अस्थी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला नेल्या असतील तर तुमच्या गावाच्या तीर्थोपाध्यायाची वही बघायची. गाव आणि आडनाव सांगा, ते बरोबर वही काढतात, त्यात कोण कधी कुणाच्या कार्याला आलं ते आणि खाली सह्या. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगत फिरणारे हेळवी येतात त्यांच्याकडेही वंशावळी असतात, पण तिथलं सांगणं बरंचसं मौखिक आणि कौतुकाचं असतं, दुसऱ्या कागदाने पडताळल्याशिवाय धरू नका.

पायरी ८: १९६० च्या आधीचं असेल तर

आधी ठरवा की तेव्हा तो जिल्हा कुणाच्या राज्यात होता. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश मुंबई इलाख्यात, त्याचे कागद मुंबई पुराभिलेखागारात (फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत) आणि पुण्यात. विदर्भ आधी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, म्हणून नागपूर आणि कधी भोपाळ. मराठवाडा निजामाकडे, कागद उर्दूत आणि बरेच हैदराबादला. कोल्हापूर संस्थानाचे वेगळे पोलीस होते, संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं, कागद कोल्हापूर पुराभिलेखागारात. बेळगाव, कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, तिथले बरेच मराठी शिपाई नंतर इकडे आले की तिकडे राहिले ते तपासा. गोव्याचं पणजीला, पोर्तुगीजमध्ये.

पुराभिलेखागारात "माझे पणजोबा" असं विचारून काही मिळत नाही, तिथे नावाची नाही तर खात्याची सूची असते. ज्युडिशियल डिपार्टमेंट, नंतर होम डिपार्टमेंट, राजकीय घटना असेल तर होम स्पेशल. साल आणि गाव घेऊन सूची चाळा. पोलिसांचे वार्षिक प्रशासन अहवाल पण मागा, छापील असतात आणि वाचायला सोपे. पदक मिळालं असेल तर किंग्ज पोलीस मेडल १९०९ मध्ये सुरू झालं, त्याच्या याद्या लंडन गॅझेटच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतात, फक्त नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा. १९५१ पासून राष्ट्रपतींचं पोलीस पदक, त्यासाठी भारताचं राजपत्र, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपासचे अंक.

आता अवघड भाग. तुमचे पणजोबा पोलीस म्हणून १९३० किंवा १९४२ च्या स्वातंत्र्यचळवळीत जमावाच्या हातून गेले असतील तर? सोलापुरात ८ मे १९३० ला जमावाच्या हातून दोन पोलीस मेले, त्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. शहर चार हुतात्म्यांना मानतं आणि मानायलाच पाहिजे. चिमूर आणि आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, तसंच पोलिसांचे जीव गेले. त्या पोलिसांची घरं मात्र नंतर गप्प बसली, काहींनी तर पोलिसात होते हेच सांगणं सोडलं. मला वाटतं लिहायचं, पण दोन्ही बाजूंचे कागद घेऊन. इंग्रजांचा अहवाल त्याला कर्तव्यदक्ष म्हणणार, आंदोलकांच्या आठवणी त्याला जुलमी म्हणणार, तो पोटासाठी भरती झालेला एक शेतकऱ्याचा पोरगा पण असू शकतो आणि खरंच लाठी चालवणारा पण असू शकतो. आजोबा म्हणून निर्दोष करून टाकू नका.

पायरी ९: स्मारकावरचं नाव

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन, १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात सीआरपीएफचे दहा जवान गेले त्याची आठवण. त्या दिवशी मुंबईत नायगावच्या हुतात्मा मैदानावर आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात परेड होते, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक २०१८ मध्ये झालं, तिथल्या शौर्य भिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावं कोरलेली होती. तुमचं नाव नसेल तर लगेच अन्याय झाला असं समजू नका, आजाराने किंवा साध्या अपघाताने गेलेल्यांची नावं प्रत्येक यादीत नसतात. नाव असायला हवं होतं असा कागद हातात असेल तर मात्र तो जोडून युनिटमार्फत अर्ज करा.

लिहायला बसल्यावर

तारखा जुळणार नाहीत हे धरूनच चाला. शाळेत जन्म १ जून, सेवा पुस्तकात वेगळी तारीख, आजी सांगते दिवाळीनंतरचा. तिन्ही लिहा आणि कुठून घेतलं ते पुढे कंसात टाका, स्वतः निवाडा द्यायची घाई नको. प्रत्येक स्कॅनला साल, गाव, कागदाचा प्रकार असं नाव द्या, "आयएमजी ००४७" म्हणून सोडू नका.

नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा बाहेर टाकताना पीपीओ नंबर, आधार, खातं, मोबाईल झाका. पीएमचे फोटो टाकू नका. केसमधला आरोपी सुटला असेल तर त्याचं नाव कोर्टाच्या निकालात आहे तेवढंच आणि तसंच लिहा. आणि गडचिरोलीतल्या माणसाचं घर असेल तर गाव, घराचा फोटो, मुलं कुठे शिकतात हे काहीही नको, घरातला दुसरा कुणी अजून त्याच भागात नोकरीला असेल तर त्याला विचारल्याशिवाय त्याचं नावसुद्धा नको.